मोझार्टचा ए मायनर सोनाटा (के. ३१०), लिपाट्टींचे वादन : यात नेमके काय ऐकावे?

उत्तररात्र (धरमपेठ) :

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे अधूनमधून रविवारी सकाळी काही श्रोते जमतात आणि एखादे ध्वनिमुद्रण मध्ये न बोलता सलग ऐकतात. बहुतेक वेळा ते ख्यालाचे असते. मागच्या खेपेस मात्र एका स्नेह्यांनी रोमानियन पियानोवादक दिनू लिपाट्टी यांची अखेरची मैफल आणली. ही मैफल फ्रान्समधील बझाँसाँ येथे १६ सप्टेंबर १९५० रोजी झाली. तीत बाखनंतर मोझार्टचा ए मायनर सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीची तीन भागांची रचना, वाजवलेला आहे (‘के.’ हा मोझार्टच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक). वादक तेहतीस वर्षांचा होता, हॉजकिनच्या आजाराने पार खंगलेला होता आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला तो वारला, ही सर्व माहिती ऐकण्यापूर्वीच आम्हांस देण्यात आली. मोझार्टने हा सोनाटा १७७८ साली पॅरिसमध्ये लिहिला आणि त्याच मुक्कामात त्याची आई वारली, हेही सांगून झाले. त्यानंतर वादन ऐकले. ते संपल्यावर ‘अत्यंत करुण’ यावर सर्वांचे एकमत झाले आणि चहा आला.

माझे मात्र या एकमताने समाधान झाले नाही. मला त्या वादनात कारुण्यापेक्षा एक प्रकारची शिस्त, किंबहुना कठोरपणाच अधिक ऐकू आला. वादक कोठेही रेंगाळत नाही, एखाद्या स्वरावर थांबून तो आपल्या पदरात टाकत नाही. पहिल्या भागात एक धावती, प्रसन्न म्हणावी अशी चाल येते. तीच चाल पुढे पुन्हा येते तेव्हा तिचा चेहरा उतरलेला असतो. मला सर्वांत अधिक हलवले ते या बदलाने, आणि तो नेमका कशामुळे घडतो हे मला सांगता आले नाही. मायनर (कोमल गंधाराची स्वररचना) म्हणजे दुःखी आणि मेजर (शुद्ध गंधाराची) म्हणजे आनंदी, हे शाळकरी समीकरण येथे पुरेसे वाटत नाही. आपल्याकडे कोमल गंधार आणि कोमल धैवत असलेले सगळे राग काही रडत नाहीत.

नंतर याच सोनाट्याचे कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी केलेले वादनही ऐकले. त्यांनी पहिला भाग इतक्या वेगात नेला आहे की क्षणभर दुसरीच रचना लागली असे वाटले. दोन्ही वादने एकाच कागदावरून निघाली असतील, तर रचनेचे स्वतःचे म्हणणे कोणते आणि वादकाने त्यात घातलेले कोणते, हे आमच्यासारख्या श्रोत्यांनी कसे ओळखावे? जाणकारांनी सवडीने लिहावे.


पांढरी सहा (महाल) :

उत्तररात्र जी, मी पेटीवर साथ करतो. पियानो वाजवत नाही. तेव्हा पेटीच्याच पट्ट्यांत सांगतो, म्हणजे आपल्याकडच्या श्रोत्यांना पेटी पुढ्यात घेऊन पडताळता येईल.

या सोनाट्याचा षड्ज पांढरी सहा. तेथून स्वर लावले तर गंधार आणि धैवत कोमल, निषाद बहुधा शुद्ध, म्हणजे काळी चार, आणि उतरताना काही वेळा कोमल. स्वरांपुरते पाहिले तर हा ऐवज किरवाणीच्या जवळचा आहे. अगदी पहिला स्वर मात्र ऐकण्यासारखा आहे. उजव्या हातात पंचम आहे आणि त्याला खालून तीव्र मध्यमाचा, म्हणजे काळी दोनचा, कण (ओझरता स्पर्शस्वर) आहे. त्याच क्षणी डाव्या हातात सा, कोमल गंधार आणि पंचम एकत्र वाजत असतात, त्यामुळे तो तीव्र मध्यम पंचमाला घासून जातो. आपल्याकडे गायक असा कण अलगद लावून पुढे जातो. येथे खाली स्वरांचा भरीव गठ्ठा ठेवलेला असल्याने तोच कण बोचतो. लिपाट्टी तो आखूड घेतात आणि त्यावर जोर देत नाहीत. तरीही तो लागायचा तो लागतोच.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. रागसंगीताची सवय असलेल्या कानाची येथे फसगत होण्याचे कारण असे की आपला षड्ज तंबोऱ्यावर पक्का असतो आणि यांचा चालता असतो. ती प्रसन्न, धावती चाल येते तोपर्यंत षड्ज पांढरी सहावरून उठून पांढरी एकवर जाऊन बसलेला असतो. म्हणजे ज्याला आपण इतका वेळ कोमल गंधार म्हणत होतो, तोच आता सा झाला. आसावरी थाटाची कोमल गंधारावरून मूर्च्छना घेतली, म्हणजे त्यालाच सा मानले, की बिलावल हाती येतो, हे आपण जाणताच. येथे घडते ते साधारण तेच. पुढे मधला खळबळीचा भाग होऊन मूळ चाल परतते, आणि तिच्यामागून ही दुसरी चालही परतते. या वेळी मात्र षड्ज पांढरी सहावरच राहतो. लय तीच, धावही तीच, पण गंधार-धैवत आता कोमल. बिलावलातली बंदिश शब्द आणि ताल तसेच ठेवून आसावरीच्या स्वरांत म्हटली तर जे होईल, ते येथे झालेले आहे.

हे असेच व्हायला हवे होते असे नाही. मायनरमध्ये सुरू झालेली रचना अखेरीस मेजरमध्ये नेऊन सोडवण्याची वाट त्या काळी खुली होती आणि हायडनने ती पुढे अनेकदा चोखाळली. मोझार्टने येथे ती नाकारली. एकदा उजेडात ऐकवलेली चाल पुन्हा त्याच उजेडात ऐकू द्यायची नाही, हा निर्णय रचनाकाराचा आहे, आणि तो स्वरलिपीतच लिहिलेला आहे. वादकाने त्यावर आणखी उसासे टाकण्याची गरज नाही. आपल्याला जाणवलेली लिपाट्टींची शिस्त ही मला वाटते या गोष्टीची जाण आहे.

मूळ चाल परतल्यानंतर थोड्याच वेळात ती डाव्या हातात, खर्जात येते आणि वर उजवा हात द्रुत स्वरांची सळसळ करीत राहतो. ती जागा चुकवू नका. पेटीवाल्याला तेथे हेवा वाटतो, कारण आमचा डावा हात भात्यात अडकलेला.


कागदपत्र (रामदासपेठ) :

आईच्या मृत्यूची गोष्ट ऐकण्यापूर्वी सांगण्यात आली, हे वाचून खेद झाला. एकमताचे अर्धे कारण तेथेच असावे.

तारखा पाहू. मोझार्ट आणि त्याची आई आना मारिया २३ मार्च १७७८ रोजी पॅरिसला पोचले. जूनमध्ये आईने अंथरूण धरले आणि ३ जुलैच्या रात्री ती वारली. सोनाट्याच्या हस्तलिखितावर पॅरिस आणि १७७८ साल आहे. महिना आणि दिवस नाही. तेव्हा तो आई हिंडतीफिरती असताना लिहिला, आजारपणात लिहिला की नंतर, हे त्या कागदावरून ठरत नाही. ‘शोकातून जन्मलेला सोनाटा’ हे वाक्य कार्यक्रमपत्रिकांतून वर्षानुवर्षे फिरते आहे, त्याला एवढाच आधार आहे.

उलट त्या रात्रीचा जो पुरावा उपलब्ध आहे, तो या कल्पनेला अडचणीत आणणारा आहे. आई गेल्यानंतर मोझार्टने साल्झबुर्गला दोन पत्रे लिहिली. एक कुटुंबाचे स्नेही असलेल्या बुलिंगर या धर्मगुरूंना. त्यात त्याने खरी बातमी कळवली आणि वडिलांची मानसिक तयारी करावी अशी विनंती केली. दुसरे वडिलांना, त्यात आई फार आजारी आहे एवढेच लिहिले, आणि त्याच पत्रात आपली नवी सिंफनी पॅरिसच्या श्रोत्यांना किती आवडली, टाळ्या कोठे पडल्या, याचे खुलून केलेले वर्णन आहे. प्रत्यक्ष मृत्यूची वार्ता त्याने वडिलांना ९ जुलैच्या पत्रात दिली. यातून तो निष्ठुर होता असे मुळीच ठरत नाही. वडिलांना जपण्याचाच तो प्रयत्न होता. पण ज्या माणसाला त्या रात्री त्याच टेबलावर बसून दोन निरनिराळ्या स्वरांत दोन पत्रे लिहिता आली, त्याच्या संगीताला त्याच्या दैनंदिनीचे पान समजणे धोक्याचे आहे.

लिपाट्टींच्या बाबतीतही अशीच सावधगिरी बाळगावी. बझाँसाँची मैफल हृदयद्रावक होती यात वाद नाही. डॉक्टरांचा सल्ला डावलून ते गेले, आणि शेवटी शोपँच्या चौदा वॉल्ट्झपैकी तेरा वाजवून त्यांची शक्ती संपली. परंतु हाच सोनाटा त्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये जिनिव्हा येथे ध्वनिमुद्रित केलेला आहे. त्या उन्हाळ्यात कॉर्टिझोनच्या उपचारामुळे त्यांना तात्पुरती उभारी आली होती. माझी सूचना अशी की आपल्या पुढच्या बैठकीत ही दोन्ही मुद्रणे, कोणते कधीचे हे न सांगता, ऐकवावीत आणि करुण कोणते ते मंडळींना विचारावे.


सदरची विद्यार्थिनी (सदर) :

मी वयाच्या चाळिशीनंतर पियानो शिकू लागले आणि सध्या याच सोनाट्याचा पहिला भाग माझ्या हाताखाली आहे, किंवा खरे तर मी त्याच्या हाताखाली आहे. पेटीवाल्या दादांनी रचनेची बाजू उत्तम सांगितली. मी हातांची सांगते.

कागदावर पहिले पान अवघड दिसत नाही. अडचण डाव्या हातात आहे. एका मापात (तालाच्या एका खंडात) आठ वेळा तोच स्वरगुच्छ वाजवायचा आणि हे मापामागून माप चालू ठेवायचे. जरा जड झाला की ढोल वाजू लागतो, जरा हलका केला की उजव्या हाताखालची जमीन जाते. यात वाद्याचाही वाटा आहे. मोझार्टच्या काळचा पियानो पाच सप्तकांचा, साधारण एकसष्ट पट्ट्यांचा, लाकडी सांगाड्याचा, हातोड्यांवर चामडे. त्याचा स्वर चटकन उमटतो आणि चटकन विरतो, म्हणून खालचे गठ्ठे एकमेकांत मिसळत नाहीत. ऑक्टोबर १७७७ मध्ये, म्हणजे पॅरिसला पोचण्याच्या काही महिने आधी, मोझार्टने आउग्सबुर्गमध्ये श्टाइन यांची वाद्ये पाहिली आणि बोट उचलताच स्वर थांबतो याबद्दल वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांची स्तुती केली. आजच्या ग्रँड पियानोत अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, ओतीव लोखंडाचा सांगाडा आणि तारांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात. त्याच्यावर तेच गठ्ठे वाजवले की मंद्र सप्तकात धूर होतो. लिपाट्टींचे कसब मला येथे सर्वांत अधिक जाणवते, कारण डावा हात सतत चालू आहे, त्यातला प्रत्येक स्वर ऐकू येतो, आणि तरीही उजव्या हाताची चाल त्याच्यावर गायल्यासारखी तरंगते.

दुसरी गोष्ट आवाजाच्या चढउताराची. मोझार्ट अशा खुणा काटकसरीने लिहितो. बहुतेक ठिकाणी नुसते मोठ्याने किंवा हळू. पहिल्या भागाच्या मधल्या खळबळीत मात्र त्याने अतिशय मोठ्याने आणि अतिशय हळू या दोन टोकांच्या खुणा एकीला लागून एक लिहिल्या आहेत, आणि त्यांच्याखाली स्वर एकमेकांना घासत राहतात. मोबाइलच्या स्पीकरवर या दोन खुणांमधला फरक जवळजवळ नाहीसा होतो. मे महिन्यात खिडकीत डेझर्ट कूलर चालू ठेवून ऐकायचे असेल, तर ही जागा ऐकलीच नाही असे समजावे. पाऊण तास कूलर बंद ठेवण्याची तयारी नसेल तर तारेचे हेडफोन लावावेत.

जाता जाता, ज्यांच्या घरी पियानो आहे त्यांनी कूलरचा झोत त्याच्यावर घेऊ नये. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडी ध्वनिफलक सुकून स्वर उतरतात आणि पावसाळ्यात तो फुगून स्वर चढतात. त्यात कूलरची ओल रोज दुपारी चालू-बंद होत राहिली तर वाद्य सुरात राहणे कठीणच. माझ्या सरांनी हे सांगेपर्यंत मी दोष माझ्या कानाला देत होते.


उत्तररात्र (धरमपेठ) :

सर्वांचे आभार. कागदपत्र यांची सूचना मी थोड्या वेगळ्या रीतीने अमलात आणली. मंडळींना दोन्ही मुद्रणे कोणतीही प्रस्तावना न करता ऐकवली. मते फुटली, आणि वाद करुण-अकरुण असा न राहता मधल्या खळबळीत कोणते वादन अधिक धीट आहे यावर गेला. तेवढ्यानेच मला बरे वाटले. एका वयस्क श्रोत्यांनी विचारले की मैफलीच्या मुद्रणात सोनाट्याच्या आधी वादक काही सुट्या स्वरावली वाजवतो, ते काय? ते सुरांची चाचपणी करीत असावेत असे मी म्हणालो. कोणी अधिक सांगू शकेल काय?

आणि एक प्रश्न उरतो. संथ भाग एफ मेजरमध्ये आहे, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी चारवर. पहिल्या भागानंतर तो विसाव्यासारखा ऐकावा काय? मला तो पूर्ण विसावा वाटला नाही.


सदरची विद्यार्थिनी (सदर) :

त्या सुट्या स्वरावली म्हणजे वादकाने स्वतःसाठी आणि श्रोत्यांसाठी पट्टी कायम करणे. एका रचनेच्या पट्टीतून दुसरीच्या पट्टीत जाताना अशा चार-दोन स्वरावली वाजवण्याची जुनी चाल होती आणि लिपाट्टींच्या पिढीपर्यंत ती काहींनी पाळली. बाखची रचना बी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे काळी पाचवर होती. तेथून पांढरी सहावर यायचे आहे. स्टुडिओतल्या मुद्रणात याची गरज नसते.

संथ भागाविषयी आपला कान बरोबर सांगतो आहे. सुरुवात आणि शेवट गाण्यासारखाच आहे, आणि मोझार्टने वरती ‘गायल्याप्रमाणे, भावपूर्ण’ अशी सूचनाही लिहिली आहे. पण मध्यावर खाली एकाच्या जागी तीन-तीन स्वरांचे ठोके सुरू होतात, वरचे स्वर त्यांना टोचू लागतात आणि पहिल्या भागातली ती घासाघीस पुन्हा दारात येऊन उभी राहते. बरेच वादक येथे लय ओढतात. लिपाट्टी ओढत नाहीत, आणि त्यामुळे परत येणारी गाण्याची चाल काही घडलेच नाही अशी साळसूद वाटत नाही. मधला भाग तिला चिकटून येतो.


पांढरी सहा (महाल) :

गूल्ड यांच्या वादनाविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. मला ते आवडत नाही, पण ते उडवून लावू नये. मोझार्टविषयीचे आपले प्रतिकूल मत गूल्ड यांनी कधी लपवले नाही, आणि पहिल्या भागावर रचनाकाराची सूचना ‘द्रुत, पण भारदस्त’ अशी आहे. त्यांनी त्यातला भारदस्तपणा सरळ सोडून दिला. तरीही त्या वेगात एक गोष्ट उघडी पडते. सर्व शृंगार उतरल्यावरसुद्धा दुसऱ्या चालीचा उजेड दुसऱ्या खेपेस जातोच. म्हणजे मी वर म्हटले ते स्वरलिपीतले आहे, वादकाच्या हाती नाही. उत्तररात्र जी, रचनेचे कोणते आणि वादकाचे कोणते, हे ओळखण्याची एक रीत ही : इतके भिन्न वादक घ्यावेत की त्यांच्यात समान काही उरूच नये, आणि तरीही जे उरते ते रचनेचे मानावे. लिपाट्टी आणि गूल्ड यांच्या मध्ये एमिल गिलेल्स ठेवा, आणि जुन्या पद्धतीच्या पियानोवर वाजवणारे क्रिस्टियन बेझूडनहाउट हेही ऐका.


कागदपत्र (रामदासपेठ) :

ही रीत ठीक आहे. मात्र जे समान उरत नाही ते सगळेच वादकाची लहर समजू नये. ‘भारदस्त’ ही सूचनाही रचनाकाराचीच आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचे स्वातंत्र्य वादकाला असेल, पण मग ते स्वातंत्र्य त्याच्या खात्यावर लिहावे लागेल. या कसोटीवर लिपाट्टी मला अधिक प्रामाणिक वाटतात.


सदरची विद्यार्थिनी (सदर) :

शेवटचा भाग राहिलाच. प्रेस्टो (अतिद्रुत), दोन मात्रांचे माप, जेमतेम तीन मिनिटे. यात मध्यावर काही काळ ए मेजर येतो. षड्ज पांढरी सहाच राहतो आणि गंधार शुद्ध होतो. पहिल्या भागात षड्ज हलवून उजेड आणला होता, येथे जागेवरूनच आणला आहे. तो फार टिकत नाही. कोमल गंधार परत येतो आणि सोनाटा मायनरमध्येच, थांबल्याशिवाय, संपतो. शिकणाऱ्यांना हा भाग नुसता वेगाचा वाटतो. माझे सर मला सध्या तो निम्म्या वेगात आणि पेडलला पाय न लावता वाजवायला लावतात, तेव्हा त्यातले आखूड-लांब स्वरांचे अडखळणे नीट ऐकू येते.

पुढच्या बैठकीसाठी सुचवायचे तर मोझार्टच्या अठरा पियानो सोनाट्यांपैकी मायनरमधले दोनच आहेत. दुसरा सी मायनर, के. ४५७, व्हिएन्नात १७८४ साली लिहिलेला. तो पुढच्या वर्षी सी मायनरमधल्याच फँटसी के. ४७५ बरोबर छापला गेला, म्हणून दोन्ही लागोपाठ ऐकावेत. त्याआधी हायडनचा १७७१ चा सी मायनर सोनाटा ठेवलात तर फारच उत्तम. मुद्रणे माझ्याकडे आहेत. उत्तररात्र जी, आपण रविवार कळवा. कूलर कोणी बंद करायचा ते मात्र आधी ठरवून घ्या.